जिंकलेल्या कुत्र्याचे पोट

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



कुत्र्याच्या जुलाबावर जाहीर व्याख्यान, हे वाचून निमंत्रणपत्रिका हातात घेतलेल्या अनेकांना हसू आले असेल. त्यात गैर काही नाही. पण ज्या कुत्रीपासून आजच्या विषयाला सुरुवात करायची आहे तिची हकीकत हसण्यासारखी नाही. तिचे नाव ओशी. २०१९च्या मार्च महिन्यात ही पाच वर्षांची हस्की कुत्री अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम या गावी पोचली. इडिटारॉड नावाची सुमारे १,६०० किलोमीटरची स्लेज शर्यत तिने आपल्या संघाबरोबर पूर्ण केली होती. शर्यत संपल्यावर सगळ्या कुत्र्यांची तपासणी होते. त्या तपासणीत पशुवैद्यांना ओशीमध्ये न्यूमोनियाची लक्षणे दिसली. उपचार सुरू झाले, विमानाने तिला अँकरेजला नेले, पण ती वाचली नाही. प्राथमिक निष्कर्ष निघाला तो ॲस्पिरेशन न्यूमोनियाचा. जठरातले अन्न किंवा आम्ल उलटून वर येते, गिळले जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते, तो हा आजार. कागदोपत्री मरण फुप्फुसाचे, पण त्याची वाट बहुतेक वेळा पोटातूनच निघते.

इडिटारॉडचे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसते, म्हणून थोडी पार्श्वभूमी. १९२५च्या जानेवारीत नोममध्ये घटसर्पाची साथ आली. बंदर बर्फाने बंद होते आणि कामाचे प्रतिविष जवळ नव्हते. रेल्वेने ते नेनाना गावापर्यंत आले आणि तिथून पुढचे ६७४ मैल, म्हणजे साधारण १,०८५ किलोमीटर, वीस स्लेजवाल्यांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हातोहाती पोचवले. साडेपाच दिवस लागले. शेवटच्या टप्प्याचा म्होरक्या कुत्रा बाल्टो जगप्रसिद्ध झाला आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा उभा राहिला. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र लिओनार्ड सेपाला या स्लेजवाल्याच्या टोगोने ओढला होता, हे अलास्कातले जाणते अजूनही ठासून सांगतात. पुढे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या आल्या आणि खेड्यापाड्यांतून कुत्री नाहीशी होऊ लागली. तेव्हा जो रेडिंग्टन या माणसाने ही परंपरा टिकावी म्हणून १९७३ साली अँकरेज ते नोम अशी पूर्ण लांबीची शर्यत सुरू केली. पहिल्या विजेत्याला सुमारे वीस दिवस लागले होते. २०१७मध्ये मिच सीव्हीने नोमपर्यंतची मजल आठ दिवस आणि साडेतीन तासांच्या आसपास गाठली. विसाचे आठ झाले. स्लेज हलकी झाली, वाट अधिक नीट आखली गेली, कुत्र्यांची पैदास आणि तालीम सुधारली. जठर मात्र तेच राहिले.

या कुत्र्यांना खायला किती लागते, ते आकड्यातच ऐकावे. केनेथ हिंचक्लिफ आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये एक मोजमाप प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष शर्यतीत धावणाऱ्या स्लेज कुत्र्यांच्या शरीरात माग काढता येईल असे खुणेचे पाणी सोडून त्यांनी ऊर्जेचा खर्च काढला. तो दिवसाला सुमारे ११,००० किलोकॅलरी निघाला. कुत्र्याचे वजन जेमतेम २५ किलो. शेतात दिवसभर राबणारी तीन-चार माणसे मिळून जेवढे खातील तेवढे एका मध्यम आकाराच्या जनावराने चोवीस तासांत खायचे, पचवायचे आणि जाळायचे, तेही उणे तीस-चाळीस अंशांत धावता धावता. एवढी ऊर्जा पोळी-भातातून मिळणे अशक्यच. म्हणून त्यांच्या अन्नातली निम्म्याहून अधिक ऊर्जा चरबीतून येते: गोमांस, सामन मासा, कोंबडीची चामडी, चरबीचे ठोकळे आणि वर दाणेदार तयार खाद्य. दर थांब्यावर मशर, म्हणजे स्लेज हाकणारा, आधी बर्फ वितळवतो, त्यात मांस टाकून पातळ रस्सा करतो, कुत्र्यांना पाजतो आणि मगच स्वतःच्या पोटाकडे बघतो. हा रस्सा चोचला म्हणून नसतो. थंडीत कुत्रे नुसते पाणी पीत नाही. मांसाचा वास आला की पिते, आणि शरीरात पाणी जाण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग असतो.

इतकी चरबी अचानक दिली तर कोणत्याही कुत्र्याला जुलाब होतील. म्हणून हिवाळा लागण्याआधीपासून ती हळूहळू वाढवत नेतात. शर्यतीचा शिधा मात्र काही आठवडे आधी पोत्यांत भरून वाटेवरच्या थांब्यांवर धाडलेला असतो. मधेच उबदार दिवस आले, मांस वितळले आणि पुन्हा गोठले, की काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. अन्नाने प्रवासात दगा देण्याची परंपरा जुनी आहे. रॉबर्ट स्कॉटच्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेत कुत्र्यांसाठी नॉर्वेहून सुकवलेला मासा नेला होता. जहाज उष्ण कटिबंधातून गेले तेव्हा तो खराब झाला. १९०२-०३च्या दक्षिणेकडच्या दौडीत कुत्री आजारी पडत गेली आणि त्यांच्यातले एकही परत आले नाही.

तरीही शिळे मांस किंवा जंतू हेच मूळ कारण, असा निवाडा कुणी घाईने देऊ नये. ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या एरिका मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये शर्यतीतल्या कुत्र्यांच्या विष्ठेची तपासणी प्रसिद्ध केली. धावण्याच्या काळात सुमारे एक तृतीयांश कुत्र्यांना जुलाब होत होते, काहींना रक्तासह. साल्मोनेला हा जंतू तर निम्म्याहून अधिक नमुन्यांत सापडला, पण तो शर्यतीआधीही तितकाच होता आणि धडधाकट कुत्र्यांतही होता. कच्चे मांस खाणाऱ्या कळपात तो मुक्कामालाच असतो म्हणा. जुलाबाचा दोष एका जंतूवर टाकता येईना. म्हणजे आतड्यातच काहीतरी बिघडत होते, आणि बिघडवणारी गोष्ट धावणे ही असावी.

बाहेरून हे दिसत नाही, हीच खरी अडचण आहे. मशर स्लेजच्या मागच्या पायट्यांवर उभा असतो. त्याच्या नजरेसमोर असतात ती चौदा-सोळा कुत्र्यांची ढुंगणे, आणि कुत्री धावता धावताच मोकळी होतात. कोणाची विष्ठा घट्ट, कोणाची पातळ, कोणाची पाण्यासारखी, कोणाच्या पातळात रक्ताचे सूत, हे तो तासन्‌तास बघत असतो. अनुभवी मशर या एका निरीक्षणावरून पुढच्या थांब्यावर कोणाला काय द्यायचे आणि कोणाला घरी पाठवायचे ते ठरवतो. थांब्यावर पशुवैद्य येतात आणि हृदयाचे ठोके, शरीरातले पाणी, भूक, वजन, फुप्फुसे तपासून प्रत्येक संघाच्या वहीत नोंद करतात. कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट बसली नाही तर पाणी कमी पडले आहे हे कळते. हिरड्या दाबून रंग पाहतात. सगळे रीतसर असते. पण जठराच्या आतल्या बाजूला जखम आहे का, हे चिमटीने कळत नाही.

ते कळले दुर्बिणीने. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे मायकेल डेव्हिस आणि टेक्सासचे मायकेल विलर्ड यांनी इडिटारॉडच्या कुत्र्यांना भूल देऊन त्यांच्या जठरात एंडोस्कोप घातला. तो निष्कर्ष २००३मध्ये छापून आला. सत्तर कुत्र्यांच्या उपयोगी नोंदी मिळाल्या आणि त्यांतल्या चौतीस कुत्र्यांच्या जठरात व्रण, खरचटलेले अस्तर किंवा रक्तस्राव आढळला. जवळजवळ निम्मी. शेपटी हलवणारी, वाडग्यावर तुटून पडणारी ही कुत्री. वक्त्याच्या मते या शर्यतीच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी नाही, कारण ‘खातोय म्हणजे बरा आहे’ या सगळ्या कुत्रेवाल्यांच्या एकमेव कसोटीलाच तिने सुरुंग लावला.

असे का होते? धावताना रक्त स्नायूंकडे आणि शरीर थंड ठेवण्याकडे वळते, आतड्याच्या वाट्याला कमी येते. मॅरेथॉन धावणाऱ्या माणसांनाही मळमळ, मुरडा आणि जुलाब होतात ते बऱ्याच अंशी याचमुळे. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. बाहेर बर्फ असले तरी आत धावण्याने तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे उष्णतेने सैल पडतात. त्यात ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढलेले असते आणि ते जठराच्या संरक्षक थराला मारक ठरते. सांधे खरोखरच सैल पडतात का, हे पाहण्याची एक छान रीत आहे. कुत्र्याला दोन साखरांचे पाणी पाजायचे. रॅम्नोज लहान रेणूची, लॅक्टुलोज मोठ्या रेणूची. शाबूत आतड्यातून लहान साखर थोडी आत जाते, मोठी जवळपास अडते. नंतर रक्तात किंवा लघवीत दोघींचे प्रमाण मोजायचे. मोठी जास्त सापडली तर भिंत गळते आहे. २००५मध्ये डेव्हिस यांच्या गटाने दाखवले की दमछाक करणाऱ्या सलग धावण्यानंतर स्लेज कुत्र्यांची भिंत गळते. गळत्या भिंतीतून आत शिरणारे पदार्थ पुढे जाऊन शरीरभर दाह पेटवू शकतात.

आता विरोधाभास बघा. याच कुत्र्यांच्या स्नायूंचा अभ्यास मॅकेन्झी-डेव्हिस यांनी केला तेव्हा वेगळेच चित्र दिसले. रोज १६० किलोमीटर असे पाच दिवस पळवले तर पहिल्या दिवशी स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा घसरतो आणि मग, धावणे चालू असतानाच, पुन्हा भरू लागतो. माणसाला हे जमत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, डार्पाने, या कुत्र्यांत रस घेतला तो याच कारणाने: सैनिकालाही असे करता आले तर काय बहार होईल! स्नायू चार दिवसांत मुरतात, जठर मात्र मुरत नाही. खेळाची मर्यादा पायांवर ठरते असे समजणाऱ्यांनी एकदा हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत.

मग औषध नाही का? आहे, आणि ते आपल्या बहुतेकांच्या घरात आहे. पित्त झाले की सकाळी रिकाम्या पोटी घेतो ती ओमेप्राझोलची गोळी, किंवा जुनी फॅमोटिडीन. दोन्ही जठरातले आम्ल कमी करतात. डेव्हिस यांनी शर्यतीतल्या काही कुत्र्यांना ओमेप्राझोल दिले, काहींना परिणामशून्य गोळी. ओमेप्राझोलवाल्यांच्या जठरातल्या जखमा स्पष्टपणे सौम्य निघाल्या. पण त्याच कुत्र्यांत शर्यतीदरम्यान जुलाबाचे प्रमाण ५४ टक्के होते आणि बिनऔषधाच्या कुत्र्यांत २१ टक्के! आम्ल ही जठराला जखम करणारी गोष्ट असली तरी खाण्याबरोबर आलेल्या जंतूंना मारणारी चौकीही तीच असते. कच्चे मांस खाणाऱ्या प्राण्याची ती चौकी उठवली की आतड्यात काय होईल, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. नेमके कारण हेच, असे मात्र त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पुढच्या, २०१०च्या अभ्यासात ओमेप्राझोल फॅमोटिडीनपेक्षा अधिक परिणामकारक ठरले. आज कित्येक मशर शर्यतीआधीपासून आम्लरोधक सुरू करतात आणि त्यामुळे रक्तस्रावाने मरणारी कुत्री कमी झाली असावीत, असे मानायला जागा आहे. १९९४ ते २००६ या काळात शर्यतीत दगावलेल्या तेवीस कुत्र्यांची शवविच्छेदने २००८मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली. त्यांत जठराचे व्रण वारंवार दिसले. व्रणातून झालेला रक्तस्राव आणि पोटातला माल फुप्फुसात जाणे ही दोन्ही कारणे मृत्यूंच्या यादीत होती.

वेदनाशामकांवर शर्यतीत बंदी आहे, आणि ती योग्य आहे. वेदना लपली की कुत्रा पळतच राहतो. पण मग आम्लरोधकाचे काय? दुखणे झाकून पळवणे आणि जखम होऊ नये म्हणून औषध देऊन पळवणे यांत फरक आहे हे खरे. तरीही निम्म्या स्पर्धकांना जठराची जखम होते म्हणून सगळ्यांना रोज गोळी द्यायची आणि वेग तसाच ठेवायचा, ही व्यवस्था वक्त्याला पटत नाही. नियमांत सक्तीची एक चोवीस तासांची आणि दोन आठ तासांची विश्रांती आहे. ती वाढवणे अवघड नाही, फक्त विक्रम थोडे मागे जातील. प्राणिहक्कवाल्यांचे म्हणणे याहून पुढचे आहे: शर्यतच बंद करा. त्यांच्या मोहिमेचा परिणामही दिसतो, मोठमोठे पुरस्कर्ते गेले, एक्सॉनमोबिलने २०२१च्या जानेवारीत अंग काढून घेण्याची घोषणा केली. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे की जठर, आतडे आणि श्रम यांच्या नात्याविषयी आज पशुवैद्यकाला जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे याच शर्यतीतून आले. घरगुती कुत्र्यांवर उपचार करणारेही तेच वापरतात.

सगळेच इलाज गोळीचे नसतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या जोसेफ वाक्श्लाग यांच्या गटाने २०१३मध्ये तालमीतल्या स्लेज कुत्र्यांना उपयुक्त जंतू आणि त्यांचे खाद्य असे मिश्रण रोज देऊन पाहिले. काही आठवड्यांनी त्या कुत्र्यांत जुलाबाचे दिवस कमी भरले. कुत्री थोडी होती, त्यामुळे यावरून बाजारातली प्रत्येक महागडी पुडी घ्यावी असा अर्थ काढू नये.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, बर्फ, हस्की, अलास्का, आमचा काय संबंध? संबंध आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात यात्रा-उरुसांना श्वानशर्यती होतात. कारवानी आणि पश्मी ही आपली कुत्री, सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जातात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली. शिवाय पुण्या-मुंबईत अडथळ्यांच्या शर्यती, म्हणजे ॲजिलिटी, आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीवर मालकाबरोबर पळणारी लॅब्राडोर आहेत. तीन-चारशे मीटरची झेप आणि १,६०० किलोमीटरची वाट यांची बरोबरी करायची नाही. झेपेच्या शर्यतीत इडिटारॉडसारखे व्रण होतात, असा दावा इथे केलेला नाही. पण दोन गोष्टी समान आहेत: तापलेले शरीर आणि ताण. आपल्याकडे त्यात एप्रिल-मेचे ऊन मिसळते, आणि ते अलास्कात कुणाला सोसावे लागत नाही. त्यावर मालकाचे प्रेम! शर्यतीच्या सकाळी ताकद यावी म्हणून दूध-अंडी, जिंकल्यावर लगेच मटण. पूर्ण वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि भरल्या पोटी धावणे-उड्या मारणे खोल छातीच्या जातींना तर टाळलेलेच बरे. अशा जातींत जठर फुगून पीळ बसण्याचा धोका अधिक असतो. तो पीळ काही तासांत जीव घेतो. पोट ढोलासारखे फुगलेले, कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो पण काहीच बाहेर पडत नाही, लाळ गळते: असे दिसले की घरी ओवा-हिंग करत बसू नये, गाडी काढावी.

म्हणून जाता जाता कुत्री पळवणाऱ्यांना काही विनंत्या. मोठे जेवण शर्यतीच्या तीन-चार तास आधी संपवा आणि नंतर धाप पूर्ण निवेपर्यंत फक्त पाणी, तेही थोडे थोडे. शर्यतीच्या आठवड्यात खाणे बदलू नका. एखाद-दोन दिवस पातळ झाले, कुत्रा खेळकर आहे, पाणी पितो आहे, तर धीर धरा. पण शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली तर ते वरच्या आतड्यातले किंवा जठरातले रक्त आहे, लाल दिसली तर खालच्या भागातले. दोन्हींसाठी त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. लंगडतोय म्हणून घरातली ब्रूफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कधीही देऊ नका. माणसाला चालणारा डोस कुत्र्याच्या जठराला भोक पाडू शकतो, आणि दमलेल्या जठराला तर लवकरच. शर्यतींच्या आयोजकांनी यात्रेच्या मैदानावर मंडप, बक्षीस आणि भोंगा यांच्याबरोबर सावली, पाणी आणि एक पशुवैद्य एवढी सोय करावी. शर्यतीनंतर किमान दुसऱ्या दिवशीपर्यंत प्रत्येक कुत्र्याची विष्ठा बघायची जबाबदारी मालकाने घ्यावी, कारण त्या रात्री कुत्रा काय सांगू पाहतो ते वाचायला दुसरे कोणी तिथे असणार नाही.